मी जोडवी घालूनच खेळते

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. श्रीकांतजवळही नाही. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. त्याला माझ्याबद्दल गरजेपेक्षा जास्तच माहीत आहे, पण हे नाही. तुमची-माझी ओळख नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. आता बसले तर तसंही नाही. 

म्हणून आधी बुटांचं बोलते. त्यातलं मला कळतं.

टेनिसचे बूट घ्यायचे तर संध्याकाळी जावं. दिवसभर वावरून पाय थोडे फुगलेले असतात, आणि खेळताना ते तसेच फुगतात. सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो. खेळायचे मोजे आपले आपण न्यावेत. दुकानातला तो पातळ, गावानं घातलेला मोजा पायात चढवून माप घेऊ नये. माप उभं राहून बघावं, स्टुलावर बसून नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी. कारण टेनिसमध्ये माणूस धावतो त्याहून जास्त थांबतो — अचानक, पुन्हा पुन्हा — आणि दर वेळी पाय आतल्या आत पुढे सरकून बुटाच्या टोकावर आपटतो. चवडा रुंद असेल तर रुंद साच्याचा बूट मागावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तो चार दिवसांत सैल होईल या भरवशावर तर मुळीच राहू नये. पळायचा बूट मऊ असतो. टेनिसचा नसतो, आडवं धावताना पाय मुरगळू नये म्हणून त्याच्या कडा मुद्दाम टणक केलेल्या असतात. चामड्याच्या चपलेसारखा तो पायाला येत नाही. घेतला तसाच राहतो.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

आणखी एक राहिलं. बायकांनी जोडवी काढून बूट घालावेत. उघड्या चपलेत जोडव्याचा त्रास नाही, बोटांना ऐसपैस जागा असते. पण बंद बुटात बोटं एकमेकांवर दाबली जातात आणि मध्ये ती चांदी. दर धावेला शेजारच्या बोटाला घासते, दर थांबण्याला रुतते. कॉलेजात टेनिस शिकले तेव्हा मला हे कोणी शिकवलं नाही, लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या बोटानं शिकवलं. तेव्हापासून माझी रीत ठरलेली. कोर्टाच्या बाकावर बसायचं, चप्पल काढायची, वाकून मोजा चढवता चढवता जोडवी उतरवायची आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकायची. खेळ झाला की उलट क्रमानं सगळं पायात. कोणाच्या लक्षात आलं नाही. बुटाच्या आत कोण बघतं?

आणि लपवायचं तरी का? असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलंय. मी नारायण पेठेत वाढले, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, वटपौर्णिमेला स्टाफरूममध्ये वडाच्या फांद्या आणणाऱ्या बायकांना 'झाडाला भेटायला जा की, झाडाचे हात कशाला तोडून आणता' असं ऐकवलं. माझ्या जिभेला शाळा घाबरायची. अशा बाईनं जोडवी उघडपणे काढून बाकावर ठेवायला काय हरकत होती? पण सासूबाई होत्या तोवर त्यांच्या कानावर जायला नको म्हणून लपवली, आणि त्या गेल्यावर सवय म्हणून लपवली. त्यात काही मोठं पाप आहे असं वाटलंही नव्हतं.

मग श्रीकांतला अ‍ॅटॅक आला.

मी कोर्टावर होते. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट आहे, सकाळी आम्ही सात-आठ जण तिथे असतो. फोन पर्समध्ये वाजत राहिला. शेवटी वॉचमन धावत आला, तोवर शेजाऱ्यांनी श्रीकांतला हॉस्पिटलात नेलंही होतं. मी खेळायच्या कपड्यांत रिक्षानं गेले. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नर्स म्हणाली, बूट काढून आत या. मी बूट काढले, मोजे काढले, आणि माझ्या पायांकडे बघितलं. बोटं मोकळी. जोडव्यांच्या जागी त्वचेचे दोन फिकट पट्टे.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं — माझ्यामुळे.

मी. गणिताची बाई. तिथंच फरशीवर बसले आणि पर्स उपडी करून जोडवी शोधली. नर्स म्हणत होती, अहो चला ना, डॉक्टर विचारतायत. मी जोडवी घालून मगच आत गेले. नवरा आत नळ्या लावून पडलेला, आणि मी बाहेर बोटात चांदी बसवत होते.

श्रीकांत वाचला. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनीच मला सांगितलं की घरात कुढत बसू नका, पुन्हा खेळायला लागा. लागले. जोडवी पुन्हा काढू लागले, कारण घालून खेळणं शक्यच नव्हतं. पण आता बाकावर वाकायच्या आधी मी घरी फोन करायची. दूध आलं का? गोळी घेतली का? श्रीकांत वैतागून म्हणायचा, आत्ताच तर गेलीस. त्याचा आवाज ऐकला की मी जोडवी काढायची. खेळून झालं की आधी जोडवी, मग पाणी. हे असं रोज चाले, आणि मी ते इतकं सफाईनं करायची की माझं मलाही हसू येत नसे.

आता मंदाताईंकडे यायला हवं. टाळता येत नाही.

मंदाताई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. यवतमाळच्या. मुलगा आयटीत, त्याच्यापायी नवरा-बायको उतारवयात पुण्याला आली. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला 'कुठं जाऊन राहिल्या ताई' असं विचारलं, आणि मी 'खाली, लिफ्ट दुसरीकडे जात नाही' असं उत्तर दिलं. त्या खळखळून हसल्या. माझ्या तिरकस बोलण्यावर हसणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं. श्रीकांत हॉस्पिटलात असताना डबा त्यांचाच यायचा. सांगितल्याशिवाय यायचा, आणि रिकामा परत घ्यायलाही त्याच यायच्या.

त्यांना शुगर होती. आमच्या वयात ती कोणाला नसते, असं मी तेव्हा म्हणायची. व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीच त्यांना कोर्टावर ओढलं. साडीचा ओचा खोचून, पायात कापडी बूट, हातात माझी जुनी रॅकेट. आणि काय सांगू, त्यांचा हात इतका छान होता! चेंडू कुठे येणार हे त्यांना आधीच कळायचं. पुढे त्यांनी पंजाबी ड्रेस शिवून घेतला. मग मी म्हटलं, आता बूट घेऊ या. मी येते सोबत, तुम्ही एकट्या जाऊ नका, दुकानदार काहीही गळ्यात मारतात.

दुकानदार नाही, मी मारलं.

आम्ही स्वारगेटच्या पुढच्या एका दुकानात गेलो, सकाळी. संध्याकाळी श्रीकांतला एकटं सोडायचा मला धीर होत नव्हता, म्हणून माझ्या सोयीनं सकाळी. मंदाताईंनी मोजे आणले नव्हते आणि मी आठवण केली नव्हती. त्यांनी चप्पल काढली. रुंद, पसरट पाय. लहानपणी अनवाणी वाढलेल्या माणसाचे असतात तसे. आणि दुसऱ्या बोटांत जाड, वेढ्यांची, माहेरची जोडवी. दुकानातल्या माणसानं एक जोड आणला. त्या उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली, आणि म्हणाल्या, "ताई, हे दाबून राहिले न जरा."

मी चवड्यावरून हात फिरवला. दाबत होते, अगदी स्पष्ट दाबत होते. त्यांना रुंद साच्याचा बूट हवा होता, आणि तो मागवावा लागणार होता. आठवडाभर थांबायचं, बस. नाहीतर जोडवी काढून बघायचं. मी ते बोलणारच होते, तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी त्यांनीच विचारलं.

"जोडवी काढा लागते का? तुम्ही काढता?"

किती साधा प्रश्न. त्यात खोच नव्हती, त्यांच्या मनात काही नव्हतं. मी 'हो' म्हटलं असतं तर त्या कदाचित म्हणाल्या असत्या, बरं, मंग मी पण खेळण्यापुरती काढते. पण मला वाटलं, मी 'हो' म्हणाले की त्या हिशोब लावतील. अ‍ॅटॅक आला तेव्हा मी कोर्टावर होते हे त्यांना ठाऊक होतं. त्या काही बोलणार नाहीत. पण त्यांना कळेल, आणि त्या माझ्याकडे त्या नजरेनं बघतील — ज्या नजरेनं मी स्वतःकडे त्या फरशीवर बघितलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी जोडवी घालूनच खेळते."

हेच ते. एवढंच. लिहिल्यावर किती क्षुल्लक दिसतं, नाही?

पण एका खोट्यानं भागत नाही. त्यांचा चेहरा गोंधळलेला दिसला. मग मलाच काऊन टोचते, असं त्या पुटपुटल्या. तेव्हा मला दुसरं बोलावं लागलं. मी म्हणाले, नवीन आहेत म्हणून. चार दिवसांत पायाला येतात.

"चपलेसारखे?" त्यांनी विचारलं.

"चपलेसारखेच," मी म्हणाले.

बूट घेतले. बाहेर आम्ही उसाचा रस प्यायलो. म्हणजे मी प्यायले, त्यांनी शुगर म्हणून नुसता ग्लास हातात घेऊन वास घेतला आणि मला परत दिला. त्या खुशीत होत्या. खोका छातीशी धरून बसमध्ये बसल्या होत्या.

पुढचे दिवस मी त्यांच्या पायांकडेच बघायची. खेळताना चेंडूवर लक्ष नसे. त्या उजवा पाय थोडा उचलून टाकायच्या. मी विचारायची, कसे आहेत बूट? त्या म्हणायच्या, अजून नवे आहेत. माझ्या मनात वाक्य तयार असे. मंदाताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं, ते बूट बदलू या. अंघोळ करताना मी ते मोठ्यानं म्हणून बघायची. जिना उतरताना म्हणायची. कोर्टावर गेलं की वाक्य तसंच राहायचं. उद्या सांगू. आज सगळे आहेत, आज त्यांचे यजमान सोबत आहेत, आज त्या फार खुशीत आहेत. उद्या सांगण्यासारखा दिवस कधी येतो का?

आणि मग एका सकाळी त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या, पाय पुढे करून दाखवला आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हटलं तसंच झालं ताई. आता दुखूनच नाही राहिलं."

मी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला. मनातल्या मनात म्हटलं, चला, मिटलं. आणि त्याच श्वासात मला हेही ठाऊक होतं की ते बूट सैल होणारे नाहीत. मग दुखणं थांबलं कसं? शुगरवाल्या माणसाच्या पायातली जाणीव कमी होत जाते, हे मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. श्रीकांतच्या तपासण्यांच्या वेळी भिंतीवरचे ते तक्ते मी रांगेत बसून पुन्हा पुन्हा वाचले होते. मला माहीत होतं. मी ते माहीत असणं बाजूला सारलं, आणि 'बघा, म्हटलं होतं ना' असं बोलले. तुम्ही मला त्या खोट्याबद्दल माफ कराल एक वेळ. या वाक्याबद्दल मी स्वतः करू शकत नाही.

त्यानंतर एकदा त्यांनी बूट काढला तेव्हा मोज्यावर बोटाच्या कडेला तपकिरी डाग दिसला, वाळलेला. त्यांनीही बघितला. थोडं सोललं असन, हळद लावते, म्हणाल्या. मी फोनमध्ये डोकं घातलं. फोनवर काहीच आलं नव्हतं.

बोट काळं पडू लागलं तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना हॉस्पिटलात नेलं. जोडवं निघेना इतकी सूज होती. ते कापून काढावं लागलं. जखम आत हाडापर्यंत गेली होती. काही दिवस औषधं झाली, वाट बघणं झालं. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही, कारण ते सांगितलं की तुम्हाला माझी दया येईल, आणि दया यायला हवी ती दुसऱ्या कोणाची. शेवटी डॉक्टरांनी बोट काढलं. उजव्या पायाचं दुसरं.

मी डबा घेऊन गेले होते. आता माझी पाळी होती ना! खोलीत त्यांचे यजमान होते, मुलगा होता, आणि पट्टी बघायला आलेले तरुण डॉक्टर. डॉक्टर विचारत होते, हे नेमकं लागलं कशानं, बूट घट्ट होते का, जोडवं रुतलं का? माझ्या हातातला डबा मला एकदम जड वाटला. आता सांगायचं, मी ठरवलं. आत्ता, इथे. पण मंदाताईच बोलल्या. उशीवरून मान वळवून, माझ्याकडे बोट करून.

"बुटाचा दोष नाही जी. ह्या ताई तं जोडवी घालूनच खेळतात, त्यांना कुठं काय झालं? माझी शुगरच खराब."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, खरंच? बूट घालून?

मी मान हलवली. होकारार्थी.

डॉक्टर 'नवल आहे' म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. मंदाताईंचे यजमान मला म्हणाले, तुम्ही होत्या म्हणून हिचं मन तरी रमतं. मी रोज जायची. सोसायटीत माझं कौतुक झालं. अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं, असं कोणीतरी लिफ्टमध्ये बोललं, आणि मी नेहमीसारखं तिरकस काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर मंदाताईंना बोटापेक्षा जोडव्याचं जास्त लागलं होतं. रिकामा पाय बघून त्या रडल्या. नवऱ्याच्या जिवाची धास्ती घेतली. मी तेव्हा म्हणू शकले असते की अहो, मी वर्षानुवर्षं रोज काढते, काही होत नाही. किंवा होतं की नाही मला माहीत नाही, पण मीही तुमच्यासारखीच घाबरते. यातलं काहीही बोलले असते तरी त्यांना जरा हलकं वाटलं असतं. नाही बोलले. त्या आता तिसऱ्या बोटात घालतात.

त्या खेळत नाहीत आता. पण सकाळी कोर्टावर येतात, जाड तळाच्या खास सँडल घालून, आणि त्याच बाकावर बसतात जिथं मी बूट बदलते. म्हणजे मला आता जोडवी काढता येत नाहीत. त्यांच्या शेजारी बसून मी जोडव्यांवरून मोजा चढवते, बूट घालते आणि खेळते. मी स्वतःसाठी रुंद साच्याचे, एक माप मोठे बूट आणलेत. संध्याकाळी जाऊन, मोजे नेऊन, नीट बघून. तरी बोट घासतं, रात्री ठणकतं. याला प्रायश्चित्त म्हणू नका. मी ते प्रायश्चित्त म्हणून करत नाही, उघडं पडू नये म्हणून करते.

परवा त्यांची सून, ऋतुजा, कोर्टावर आली. लग्नाला वर्षही झालेलं नाही. तिला खेळायचंय. मंदाताईच तिला घेऊन आल्या होत्या, आणि बुटांचं ताईंना विचार म्हणाल्या, त्यांना सगळं कळतं. पोरीनं चप्पल काढून पाय पुढे केला. बोटात नाजूक, नवी जोडवी.

मी सांगितलं. संध्याकाळी जा, स्वतःचे मोजे ने, पुढे अंगठाभर जागा ठेव, दाबत असतील तर घेऊ नकोस, ते सैल होत नसतात. आणि जोडवी काढून ठेव.

'सैल होत नसतात' हे मी मंदाताईंसमोर बोलले. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या सुनेच्या पायांकडे बघत होत्या.  मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग तुम्ही काऊन नाही काढत, ताई?"

त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. दोघीच होत्या समोर, घाई नव्हती, श्रीकांत घरी ठणठणीत होता. भिण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

"मला सवय झालीये," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. सुनेकडे वळून म्हणाल्या, ताईंचे पाय चांगले आहेत बाप्पा, आपले तसे नाहीत, तू काढत जा.

मी लेस आवळली आणि खेळायला गेले.